घरी मोजायला कोण आहे?

नाना, माझा उजवा गुडघा आज ब्याण्णवला आला. ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव अंश. शाळेत कंपासपेटीत असायचा तसला कोनमापक, फक्त दोन लांब पट्ट्या जोडलेला, मांडीला आणि पोटरीला लावून फिजिओथेरपीच्या मॅडम मोजतात. शाळेत तो कशासाठी असतो हे मला कधी कळलं नाही, मी त्याने बाकावरची शाई खरवडायचो, आणि आता आठवड्यातून तीनदा माझा जीव त्याच्या काट्यावर टांगलेला असतो. मॅडमनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या, आधी कुणालातरी फोन करून सांगा. मी कुबडी घेऊन बाहेर आलो, बाकावर बसलो आणि मोबाइलमधली नावं खाली-वर सरकवत राहिलो. ठिबकचा ठेकेदार. गॅसवाला. पहूरचा पंक्चरवाला. सुरतेतला एक जण, त्याचं तोंडसुद्धा आता आठवत नाही. मग मोबाइल खिशात टाकला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमच्याकडे मोबाइल होताच कुठे म्हणा, दुकानाच्या भिंतीवर कोळशाने शेजारच्या हॉटेलचा नंबर लिहिलेला होता आणि कुणी विचारलं की तुम्ही तोच सांगायचात.

तर हे असं झालं. मी सध्या जळगावला आहे. त्याच्या आधी कुठे कुठे होतो ते सांगत बसलो तर कागद पुरणार नाही. सुरतेला साडीच्या घड्या घातल्या, नंदुरबारला मांडव उभे केले, एक उन्हाळा इंदूरच्या रस्त्यावर टेम्पोतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकल्या. दोन वर्षं झाली, केळीच्या आणि कापसाच्या शेतात ठिबकच्या नळ्या टाकणाऱ्या टोळीत आहे. दिवसभर उकिडवं बसायचं, नळीला भोक पाडायचं, पाणी ठिबकवणारं बटण ठोकायचं, सरकायचं, परत बसायचं. तुम्ही ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्याच्या तुकड्याची घडवून दिलेली सुरी अजून माझ्याकडे आहे, नळी तिच्यानेच कापतो. टोळीतले सगळे तिला हात लावून बघतात. जामनेरकडून येताना पहूरच्या अलीकडे मोटरसायकल वाळूवर घसरली आणि मी गुडघ्यावर आपटलो. वाटी फुटली. दवाखान्यात तार घालून बांधली, दीड महिना मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा होता. पट्टा काढला तेव्हा पाय माझा वाटेना. बारीक, पांढरट, आणि सरळ. मी त्याला सांगतो वाक, आणि तो ऐकतच नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, ऑपरेशन झालं म्हणजे झालं. डॉक्टर म्हणाले, मी माझं काम केलं, आता उरलेलं तुमचं आणि फिजिओथेरपीचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांब खोली आहे, तिथे पाच-सहा पलंग, भिंतीला चाकं, दोऱ्या, लाकडी जिना आहे. तो जिना कुठेच जात नाही, तीन पायऱ्या चढायच्या आणि तीन उतरायच्या. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय करायचंय तुम्हाला या पायाने? मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, चालायचंय. त्या म्हणाल्या, ते तर सगळेच म्हणतात, तुम्ही काय काम करता, दिवसभर कसे बसता ते सांगा. मग मी उकिडवं बसण्याचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढ्या दिवसांत माझ्या कामाचं कुणी काही लिहून घेतलेलं मला आठवत नाही. आणि मग त्यांनी विचारलं, 'घरी मोजायला कोण आहे?'

म्हणजे असं की व्यायाम घरी दिवसातून चार वेळा करायचे. टाच पलंगावरून ओढत मागे आणायची, जिथे अडेल तिथे थांबायचं, दुसऱ्याने घोट्याला हात लावून अगदी हलका दाब द्यायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. त्या कागदावर काडीच्या माणसांची चित्रं होती. एक काडीचा माणूस झोपलेला, दुसरा काडीचा माणूस त्याच्या पायापाशी उभा. खाली एक रिकामी ओळ, मदतनीस कोण. माझ्या आजूबाजूच्या पलंगांवर सगळ्यांच्या ओळी भरलेल्या होत्या, बायको, मुलगा, सून. मी म्हटलं, 'नाना आहेत.' तोंडातून गेलंच. मॅडमनी लिहिलं, नाना. वर म्हणाल्या, त्यांना सांगा, धरायचं, ढकलायचं नाही. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे.

खरंच तुम्हाला माहीत होतं. सोनगीरला हायवेच्या कडेला तुमचं ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करायचं दुकान, समोर किल्ला, मागच्या आळीत तांबटांची ठोकठोक. त्यांचा हातोडा टणटण वाजायचा आणि आपला धप्प. मी दहावीला दोनदा आपटून सतरा वर्षांचा तुमच्याकडे आलो होतो. पहिल्याच आठवड्यात एका ट्रकच्या मागच्या कमानीचा नट जाम होता आणि मी पाइप लावून, दोन्ही पायांनी भिंतीला रेटून तो फिरवला. नट नाही फिरला, बोल्ट तुटला. तुम्ही रागावला नाहीत, हेच मला जास्त लागलं. तुटलेला तुकडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, 'हाई तुन्ही ताकद शे. ठी दे खिसामा.' दिवसभर मी तो खिशात ठेवला. संध्याकाळी दुसरा नट दाखवलात. डिझेल टाकलंत, बिडी ओढलीत, परत डिझेल टाकलंत. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, परत अर्धा पुढे. 'त्याले येळ दे. त्याले पटू दे का आपले सुटनं शे.' असा अर्धा तास. नट शेवटी हाताने निघाला.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी तिथेच पहिल्यांदा पोटभर खाल्ली. अक्का दुपारी दोन वाजता दुकानातच घेऊन यायची, वर तेल आणि लसणाचा ठेचा. आमच्या घरी पण व्हायची, पण घरी कुणी आणखी घे म्हणत नव्हतं. ते जाऊ दे.

मग तुमचा पाय. जॅक निसटला आणि ट्रकची कमान मांडीच्या खालच्या बाजूला बसली. धुळ्याला प्लॅस्टर, तीन महिने. प्लॅस्टर काढल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवसाआड व्यायामाला या, दीड-दोन महिने, नाहीतर गुडघा असाच राहील. तुमची-अक्काची मुलगी गुजरातेत दिलेली, अक्काला गाडी येत नाही, म्हणून मी. तुम्हाला मोटरसायकलवर मागे एका अंगाला बसवायचो आणि तुमचा पाय रस्त्यात बाहेर काढलेला, सळया भरलेल्या ट्रॉलीसारखा. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, 'नाना, पायले लाल फडकं बांधा ना, मांगेवाला धडकी जाई.' सगळे हसले. तुम्ही उतरलात, दुकानातलं लाल फडकं आणलंत आणि खरंच घोट्याला बांधलंत. धुळ्यापर्यंत सगळे ट्रकवाले आपल्याला हॉर्न देत गेले. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होतात. मला त्या दिवशी वाटलं होतं की आता मी कुठे जात नाही.

धुळ्यातले व्यायामाचे ते सर गुडघा दाबायचे आणि विचारायचे, दुखतं का? तुम्ही म्हणायचात, 'नई. बरं शे.' दात आवळून, कपाळावर घाम. ते बिचारे आणखी दाबायचे, त्यांना वाटायचं माणूस तयार आहे. परक्या माणसासमोर दुखतं म्हणणं तुम्हाला उघडं पडल्यासारखं वाटायचं, अंगावरचा सदरा काढल्यासारखं. घरी आल्यावर गुडघा कलिंगडाएवढा. दुसऱ्या दिवशी हलायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी परत जायची वेळ. सर विचारत, घरी केलं का? तुम्ही म्हणत, 'बठ्ठं करं.' मला माहीत होतं की केलेलं नाही. मी भिंतीला टेकून उभा असायचो आणि मी पण म्हणायचो, हो सर, बठ्ठं, सगळं केलं. जगातल्या कुठल्या गॅरेजमध्ये गाडीवाला येऊन सांगतो का, की गाडीत काही बिघाड नाही, बरी आहे? तुम्ही असल्या गिऱ्हाइकाला हाकलून दिलं असतंत. पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत, आणि मी साक्ष दिली.

एवढं खरं की सूज उतरलेली असेल त्या दिवशी तुम्ही करायचात. दुकानासमोर ट्रकच्या जुन्या टायरवर बसून, पाय पुढे ओढून. मी दहापर्यंत मोजायचो, पण माझं मोजणं तुम्हाला पटायचं नाही. 'तू नको मोजू, तू घाई करस. तुले कुठं जानं शे रे?' मग तुम्हीच ठरवलंत, गुडघा वाकवून धरायचा आणि समोरून एक ट्रक गेला की सोडायचा. सकाळी ठीक चालायचं, ट्रकमागे ट्रक. दुपारी जेवणवेळेला हायवे रिकामा व्हायचा आणि तुम्ही पाय धरून बसलेले, तोंड लाल, शिरपूरकडे डोळे लावलेले. एखादी बैलगाडी जायची. मी म्हणायचो, नाना, सोडा, गाडीच ना ती. तुम्ही म्हणायचात, 'इना नंबर कथा शे?' नंबरप्लेट नसलेली गाडी तुमच्या हिशेबात धरायची नाही. मी हसून हसून खाली बसायचो.

तेवढं बोलून मी मुद्द्यावर येतो. माझा गुडघा इथे अडुसष्टला अडकला. एक आठवडा अडुसष्ट, दुसरा आठवडा अडुसष्ट, मग सहासष्ट. मॅडम म्हणाल्या, 'नाना नीट धरतात ना? एकदा घेऊन या, मी दाखवते त्यांना.' मी म्हटलं, पहूरला गेलेत, लग्न आहे. पुढच्या वेळी म्हटलं, ताप आहे त्यांना. तिसऱ्या वेळी काही सुचेना, म्हटलं त्यांना जिने उतरवत नाहीत, त्यांचा पाय सरळ आहे. मॅडम म्हणाल्या, अरे, मग त्यांचाही बघते ना मी. एवढ्या सरळ मनाने म्हणाल्या की मी छताकडे बघत राहिलो.

शेजारच्या पलंगावर रावेरकडचे एक केळीवाले काका असतात, खांदा धरलेला, आणि त्यांच्या मागे उभ्या त्यांच्या काकू. काका आधी एकदा येऊन बरे होऊन गेले होते. त्यांचं ते सगळ्यांना सांगतात. 'मले वाटलं दुखणं थांबलं म्हणजे झालं बरं. सोडून देल्लं सगळं. दोन महिन्यांत खांदा परत जागच्या जागी. आता बायको मायी मास्तरीण.' काकू मोजायच्या. 'सहा, सात, दहा.' मॅडम तिकडून न बघता म्हणायच्या, 'काकू, आठ-नऊ कुठे गेले?' 'ते घरी बागेत ऱ्हायले, मॅडम. यायले लय दुखते.' काका म्हणायचे, 'पाह्य, चाळीस वर्षांत पह्यल्यांदा मायी दया आली तिले.' सगळी खोली हसायची. मी पण हसायचो आणि मग माझा काडीचा माणूस बघायचो. एकदा काकूंनी मला विचारलं, 'तुहे नाना कधी दिसले नाही रे भाऊ.' मी म्हटलं, येतील.

माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. सकाळी पलंगावर बसून मी टाच मागे ओढायचो, अडलं की स्वतःच वाकून घोटा धरायचो, आणि वाकलं की मांडी आवळायची आणि सगळं परत जायचं. दुसरा माणूस का लागतो ते तेव्हा कळलं, एकाच वेळी ढिलं पण सोडायचं आणि जोर पण लावायचा हे एका अंगाला जमत नाही. मग राग यायचा. मग एकदा मी काय केलं, दरवाजाच्या चौकटीला पाय अडकवला आणि सगळं अंग टाकून दिलं. दोन दिवस सूज. तुटलेला बोल्ट आठवला, पण सूज आल्यानंतर आठवला. मग दुसऱ्या दिवशी केलंच नाही, तिसऱ्या दिवशी अर्धं केलं, आणि मॅडमनी विचारलं तर म्हटलं, केलं, सगळं केलं, बरं आहे.

बरं आहे. तुमचंच वाक्य, फक्त शुद्ध मराठीत.

मग डॉक्टरांची तपासणी झाली. ते म्हणाले, अजून पंधरा दिवस बघू, नव्वदच्या पुढे गेला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. कसा वाकवतात विचारलं, तर हाताने दाखवलं. त्या हातांत मला माझा पाइप दिसला. आणि त्यातूनही नाही वाकला तर जो आहे तोच पाय. ठेकेदाराने आधीच सांगून ठेवलं होतं, उकिडवं बसता येत असेल तर लागवडीला ये, नाहीतर टोळीत काय करशील उभा राहून. खरं सांगतो नाना, कामापेक्षा मला वेगळीच भीती वाटली. मला एका जागी राहावं लागेल याची. सरळ पाय घेऊन माणूस कुठे जातो? तुम्ही कुठे गेलात?

त्या दिवशी व्यायामाच्या खोलीत काका-काकू नव्हते, उन्हामुळे गर्दीच नव्हती, कूलरचा आवाज तेवढा. मॅडमनी कोनमापक लावला, अडुसष्ट. त्यांनी कागद घेतला आणि विचारलं, 'नाना कधी येताहेत?' मी म्हटलं, 'नाना नाहीत.' 'म्हणजे?' 'वारले. नऊ वर्षं झाली. घरी कुणीच नाही.' त्यांनी मान वर केली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी मदतनीसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'मग इतके दिवस मी हे व्यायाम कुणासाठी लिहीत होते?' त्यांनी पेन खाली ठेवलं. 'अहो, एकट्या माणसाचे व्यायाम वेगळे असतात. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी वेगळे दिले असते. एकटं असणं हा काही आजार आहे का लपवायला?'

मला रडू आलं नाही, पण कूलरकडे तोंड केलं.

मग त्यांनी दुसरा कागद घेतला. त्यावर एकच काडीचा माणूस काढला. भिंतीपाशी उताणं झोपायचं, पाय भिंतीवर वर ठेवायचा आणि टाच आपल्या वजनाने हळूहळू खाली घसरू द्यायची, मग दुसऱ्या पायाने वरून नुसता टेकू. पलंगाच्या कडेला बसायचं, दुखरा पाय लोंबता सोडायचा, चांगला पाय त्याच्यावर ठेवायचा, म्हणजे आपलाच एक पाय दुसऱ्याचा मदतनीस. घोट्याला टॉवेल अडकवून दोन्ही टोकं हातात. एकदम अर्धा तास नाही, दिवसातून सहा वेळा, दहा-दहा मिनिटं. आधी शेक, नंतर बर्फ. मग त्यांनी गुडघा हातात घेतला आणि म्हणाल्या, 'आता मी वाकवणार. दहापैकी किती दुखतं, आकडा सांगायचा.' मी म्हटलं, बरं आहे. 'बरं हा आकडा नाही.' मी म्हटलं, चार. पाच. सात. सातला त्यांनी लगेच हात सैल केला. हात सैल केला तसा पाय आपोआप जरासा आणखी खाली गेला. त्या म्हणाल्या, बघा, त्याला कळलं की आपलं ऐकतात. पाचपर्यंत जायचं, थांबायचं, जरा मागे यायचं, परत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं लिहून आणा, लपवू नका, कारण त्याच्यावरच मला पुढचं ठरवायचंय.

मी त्यांना जाम नटचं सांगितलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, डिझेल, बिडी. त्या हसल्या, म्हणाल्या, बिडी सोडून सगळं बरोबर आहे, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, नानांनी. त्यांनी यावेळी काही लिहून घेतलं नाही.

मग मी केलं, नाना. पंधरा दिवस केलं. वहीत लिहिलं, सकाळी किती दुखलं, दुपारी किती, सूज आहे का नाही. एवढं मी शाळेत लिहिलं असतं तर. दहा आकडे मोजताना मात्र माझी तीच सवय, सहानंतर घाई होते, काकूंसारखे आठ-नऊ गाळले जातात. खोलीच्या खिडकीतून हायवे दिसत नाही, पण ऐकू येतो. म्हणून मी पण ट्रक धरले. आवाजावरून कळतं, भरलेला आहे का रिकामा. कमान ढिली असेल तर ते पण कळतं, खड्ड्यावरून जाताना दोनदा वाजते. भिंतीवरून टाच खाली घसरते, मी पाचवर थांबतो, ट्रक येतो, जातो, मी सोडतो. दुपारी हायवे रिकामा होतो आणि मी भिंतीला पाय लावून उताणा वाट बघत असतो, तेव्हा खोलीत इतकी शांतता असते की खालच्या घरातला कुकर कितवी शिट्टी देतोय ते मी मोजतो. कुकरला नंबर नसतो म्हणून सोडत नाही. चौऱ्याहत्तर. एकोणऐंशी. एकदा परत शहात्तर, त्या दिवशी मी वहीत खरं लिहिलं आणि मॅडम म्हणाल्या, चालतं. पंच्याऐंशी. आज ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले भूल नको. अजून उकिडवं बसायला बराच पल्ला आहे, पण आता तो होईल असं मॅडम म्हणतात, आणि मला पण पायात कळतं.

तुम्ही गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, नंदुरबारला, एका सोनगीरच्या ड्रायव्हरकडून. आलो तेव्हा दुकान बंद होतं, टायर तिथेच होता. अक्काने पाटावर बसवलं आणि भाकरी वाढली. तिनेच सांगितलं की तुमचा पाय शेवटपर्यंत वाकला नाही. मांडी घालता येत नाही म्हणून तुम्ही लग्नात पंगतीला बसणं बंद केलं, लोकांच्या ताटाकडे पाय करून कसं बसायचं म्हणून. खुर्ची देतो म्हणाले तरी नाही, पंगतीत एकट्यानं उंच बसायचं नाही म्हणून. मग लग्नाला जाणंच बंद झालं. आहेर अक्काकडे द्यायचात आणि दुकानात टायरवर बसून जेवायचात. मी विचारलं, व्यायामाला परत गेले नाहीत का? अक्का म्हणाली, 'कोना संगे जातीन?' एवढंच. माझ्यावर काही बोलली नाही. 'खाय, आखो एक ले,' म्हणाली. मी मांडी घालून बसलो होतो आणि मला तशी मांडी घालून बसायची लाज वाटली. नंतर ती मुलीकडे गेली. तिचा पत्ता मी घेतला नाही.

मी सगळ्यांना, आणि स्वतःलाही, असं सांगत आलोय की मी निघालो तेव्हा तुम्ही झोपलेले होतात, तुम्हाला उठवायला नको म्हणून न सांगता गेलो, आणि तुम्हाला वाटलं असेल की हा पेट्रोल भरायला गेला. अक्काला मी पेट्रोलचंच सांगून निघालो होतो. मोटरसायकल दुकानामागे लावली, किल्ली गाडीलाच ठेवली आणि स्टँडवर जाऊन दोंडाईचाच्या बसमध्ये बसलो, तिथून सुरतेची गाडी मिळते म्हणून. धुळ्याला जायचा दिवस होता तो. का गेलो, याला काही मोठं कारण नाही. भांडण नाही, काही नाही. एक दिवसाआड त्याच रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने यायचं, मला ते अंगावर आलं होतं.

हा कागद कुठे जायचा नाही. व्यायामाच्या पहिल्या कागदाच्या मागच्या बाजूला सुरू केला होता, पुढच्या बाजूला अजून मदतनीस म्हणून तुमचं नाव आहे. वहीत ठेवून देईन. पण एक राहिलं. तुम्ही झोपलेले नव्हतात. बस स्टँडवरून निघाली आणि तुमच्या दुकानासमोरच परत थांबली, कुणीतरी बाई पोतं चढवत होती. तुम्ही तयार होऊन टायरवर बसला होतात. व्यायामाला सैल कपडे घाला म्हणून अक्काने शिवलेला तो रुंद पायजमा, जो तुम्हाला आवडायचा नाही, तो घातलेला. घोट्याला लाल फडकं बांधलेलं. रस्त्याकडे तोंड. तुम्ही बसकडे बघितलंत आणि मी खिडकीच्या खाली गेलो. शेजारच्या माणसाला वाटावं म्हणून बुटाची नाडी बांधतोय असं केलं. पायात चपला होत्या. दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून मी दोन सीटच्या मध्ये उकिडवा बसलो होतो, बस सुटेपर्यंत.